आम्ही परतलो, मुले मात्र नव्याने आली

परदेशातून कायमचा परत आलेल्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. किती आणलेत, आणि आता पुढे काय? आम्हालाही तेच विचारले गेले. सौदी अरेबियात दम्माम शहरात तेरा वर्षे काढून २०१९ च्या एप्रिलमध्ये आम्ही चिपळूणला उतरलो, तेव्हा सोबत बारा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा होता. त्या दोघांना कुणी काही विचारले नाही. लोकांच्या हिशेबी तीही परतच आली होती. वास्तविक दोघांचाही जन्म दम्मामचा. परत आलो ते आम्ही नवरा-बायको. मुलांच्या दृष्टीने चिपळूण हाच परदेश होता. दोन वर्षांतून एकदा महिनाभर पाहिलेला, आंबे-फणस खाण्याचा आणि आजीकडून लाड करून घेण्याचा परदेश.

आमच्या समाजातले अनेक बांधव आज आखातात आहेत. कुणी वेल्डर, कुणी ड्रायव्हर, कुणी आमच्यासारखा बी.कॉम. होऊन कारकुनी करणारा. त्यांतले काही बायका-मुलांसह राहतात आणि आज ना उद्या परत येणार आहेत. त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहाव्यात असे बरेच दिवस मनात होते.

आधी परत का आलो ते सांगतो, कारण त्याचा संबंध देशप्रेमाशी कमी आणि हिशेबाशी जास्त आहे. सौदी सरकारने १ जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या प्रत्येक अवलंबितामागे महिना १०० रियाल शुल्क लावले आणि ते दर वर्षी १०० रियालने वाढेल असे आधीच जाहीर केले. २०१८ ला २००, २०१९ ला ३००, २०२० ला ४००. आमच्या घरात अवलंबित तीन : पत्नी आणि दोन मुले. म्हणजे पहिल्या वर्षी ३,६०० रियाल, दुसऱ्या वर्षी ७,२००, तिसऱ्या वर्षी १०,८०० आणि चौथ्या वर्षी १४,४००. आमचा पगार महिना साडेचार हजार. चौथ्या वर्षी तीन महिन्यांहून अधिक पगार केवळ बायको-मुले जवळ ठेवण्यासाठी भरायचा. शिवाय इकाम्याचे, म्हणजे राहण्याच्या परवान्याचे, नूतनीकरण करताना ही रक्कम आगाऊ भरावी लागे. त्यात २०१८ च्या जानेवारीत पाच टक्के व्हॅट आला. कंपन्यांवरही परदेशी कामगारांमागे लेव्ही वाढली, त्यामुळे पगारवाढीचे नाव काढायची सोय नव्हती. २०१७ नंतर आमच्या इमारतीतली बिऱ्हाडे एकामागून एक रिकामी होऊ लागली. पुरुष मागे राहिले, बायका-मुले 'फायनल एक्झिट' घेऊन गेली. मल्याळी शेजाऱ्यांनी बायको-मुले पाठवली आणि स्वतः चौघांत मिळून खोली घेतली. आम्ही रात्री वहीत आकडे मांडून पाहिले. मुलांना धाडून एकट्याने मागे राहायचे नाही, हे मात्र दोघांनीही आकडे मांडायच्या आधीच ठरवले होते. आमच्या वडिलांनी अठ्ठावीस वर्षे मुंबईत गिरणीत काढली आणि आम्ही त्यांना गणपतीच्या अन् मे महिन्याच्या सुट्टीत भेटलो. तेवढे एका घराण्याला पुरे.

तेरा वर्षांच्या नोकरीचा हिशेब तिथल्या कामगार कायद्याप्रमाणे झाला. पहिल्या पाच वर्षांना अर्ध्या महिन्याचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला पूर्ण महिन्याचा, असा एकूण साडेदहा महिन्यांचा पगार मिळाला. 'किती आणलेत' याचे उत्तर एवढेच. त्यातून गावच्या घरावर पत्रा काढून कौले चढवली आणि बाकीचे मुलांच्या शिक्षणाला ठेवले.

दम्मामचे दिवस वाईट नव्हते, आणि सोन्याचेही नव्हते. तिथे आम्हाला सगळे 'हिंदी' म्हणत. अरबीत हिंदी म्हणजे हिंदुस्थानचा माणूस. दुकानदार, पोलीस, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द. नायर असो, हैदराबादचा खान असो की कोकणातला जाधव असो, सगळे हिंदी. घर भाड्याने घेताना मालकाने इकामा पाहिला आणि 'फॅमिली का बॅचलर' एवढेच विचारले. यावरून कुणी तो समतेचा देश समजू नये. पगार पासपोर्टाच्या रंगावरून ठरे. एकाच टेबलावर एकच काम करणाऱ्या तिघांना तीन देशांप्रमाणे तीन पगार आम्ही स्वतःच्या हाताने खतावले आहेत. आमचा पासपोर्ट बरीच वर्षे कफिलाच्या कपाटात होता. मुलांच्या आईच्या इकाम्यावर 'काम करण्यास परवानगी नाही' असे छापलेलेच होते. डी.एड. झालेली बाई तेरा वर्षे घरात बसली. आणि आपली माणसे जमली की तिथेही 'आडनाव काय, गाव कुठले' सुरू होतेच. फक्त ते मोठ्यांच्या बैठकीत. मुलांच्या कानांपर्यंत ते पोचत नसे. मुले खाली पार्किंगमध्ये सगळ्या देशांच्या मुलांबरोबर क्रिकेट खेळत आणि 'यल्ला, यल्ला' ओरडत.

चौदा एप्रिल आम्ही घरातच करत असू. सार्वजनिक कार्यक्रमाची सोय नव्हती. पाच-सहा कुटुंबे कुणाच्या तरी हॉलमध्ये जमायची, हळू आवाजात वंदना, मग खीर, मग मुलांसाठी केक. त्यामुळे बाबासाहेब म्हणजे केक कापण्याचा दिवस आणि संविधान लिहिणारे मोठे गृहस्थ, एवढी ओळख मुलांना होती. का लिहिले, कुणासाठी लिहिले, ते परदेशातल्या शाळेच्या पुस्तकात एका परिच्छेदापुरते होते.

परत जायचे नक्की झाल्यावर आमच्या हाती एक वर्ष होते. ते वर्ष आम्ही वाया घालवले नाही. दर शुक्रवारी सुट्टी. दुपारच्या जेवणानंतर दोन्ही मुलांना घेऊन बसायचो. गावचा नकाशा कागदावर काढला. नदी इथे, एस.टी.चा थांबा इथे, मराठवाडी वर, आपली वाडी खाली, विहीर वेगळी का होती, आजीला शाळेत कुठे बसवत. धाकट्याचे लक्ष नकाशातल्या नदीवर, त्यात मगर आहे का म्हणून. (वाशिष्ठीत मगरी आहेत हे कळल्यावर त्याची भारतात येण्याची निम्मी तक्रार संपली.) थोरली मात्र ऐकायची आणि काहीच बोलायची नाही. तिला वाटत असावे, जुन्या काळच्या गोष्टी आहेत, पप्पा सांगताहेत.

ती गोष्ट जुनी नाही हे तिला घर शोधताना समजले. गाव चिपळूणपासून बारा किलोमीटर, शाळा शहरात, म्हणून शहरात भाड्याने खोल्या पाहत होतो. पहिल्या घरी मालकांनी चहा दिला. सौदीहून आलात म्हटल्यावर खूश. मग आडनाव विचारले. आमचे आडनाव कोकणात चार जातींत चालते, त्यामुळे त्यावरून त्यांना उलगडा होईना. मग गाव विचारले. मग अगदी सहज, पंखा बंद करता करता, 'वाडी कुठली हो?' कोकणात हा प्रश्न पुरतो. वाडीचे नाव सांगितले. दोन दिवसांनी निरोप आला की घर पुतण्याला द्यायचे ठरले आहे. दुसऱ्या घरी तर पुतण्याही लागला नाही, फोन उचलणेच बंद झाले. थोरली दोन्ही वेळा सोबत होती. दुसऱ्या वेळी एस.टी.त बसल्यावर तिने विचारले, "पप्पा, ते वाडी का विचारतात? तिथे तर कुणी विचारत नव्हतं."

भर गाडीत काय सांगणार? पण सांगितले. हळू आवाजात नाही, नेहमीच्या आवाजात. पुढच्या बाकावरच्या बाईंनी मागे वळून पाहिले, तरी सांगितले.

त्या रात्री आम्ही तिच्या हातात बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ठेवले. छोटेसे आत्मकथन आहे, इंग्रजीत आहे, आणि तिला तेव्हा इंग्रजीच नीट वाचता येई. १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला, आणि १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी परत आले. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे भान मनातून पुसून गेले होते, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. बडोद्यात राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले. मित्रांकडे विचारून पाहिले, तिथेही सोय झाली नाही. बडोद्याच्या कमाठीबागेत बसून गाडीची वेळ होईपर्यंत तास काढले आणि ते मुंबईला निघून आले. हे सगळे इतक्या मोठ्या विद्वानाच्या बाबतीत झाले, आणि तेही परदेशातून आपल्या देशात परत आल्यावर. थोरलीने ते एका बैठकीत वाचले. धाकट्याने फक्त पुस्तकाचे नाव वाचले आणि विचारले, "बाबासाहेबांना इंडियाचा व्हिसा लागायचा?" इकामा, व्हिसा, एक्झिट-रीएंट्री यांतच वाढलेले पोर ते. त्याला काय उत्तर द्यावे, ते आम्हाला आजही नीट सुचलेले नाही.

तिसरे घर मिळाले. पहिल्या मजल्यावर, बाजारापासून आत. मालकांनी भाडे किती आणि पाणी किती वाजता येते एवढेच सांगितले. सगळेच सारखे नसतात, हेही मुलांनी त्याच आठवड्यात पाहिले.

शाळेचे सांगायचे तर आखातातल्या सी.बी.एस.ई. शाळांचे वर्ष एप्रिलला सुरू होते आणि आपल्या राज्य मंडळाचे जूनमध्ये. त्यामुळे येणाऱ्याला दीड-दोन महिने मोकळे मिळतात. ते आराम करण्यासाठी नाहीत, कागद जमवण्यासाठी आणि भाषेसाठी आहेत. थोरली आठवीत, धाकटा चौथीत. दोघांनाही इंग्रजी माध्यमाच्या, पण राज्य मंडळाच्या शाळेत घातले. राज्याच्या कोट्यातून पुढे वैद्यकीयसारखा प्रवेश हवा असेल तर दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते, म्हणून यायचे तर आठवी-नववीच्या आत यावे, हे आम्ही भेटेल त्याला सांगतो. दहावी तिकडे करून अकरावीला येऊ म्हणणाऱ्यांनी नियम आधी वाचावेत.

आता मराठीची कथा ऐका. दम्मामच्या शाळेत हिंदी होती, थोडी अरबी होती, मराठी नव्हती. घरात आम्ही मराठीच बोलत होतो. देवनागरी मुलांना हिंदीमुळे वाचता येत होती. आम्हाला वाटे मराठी येते. पण बोलण्याची मराठी आणि पुस्तकातली मराठी यांत केवढे अंतर! 'ळ' धाकट्याला उच्चारताच येईना. 'बाळ' म्हणायला गेला की 'बाल' व्हायचे. थोरलीने मग आजीला पकडले. मे महिनाभर आजीच्या मागे मागे फिरून, सुकट निवडत, फणस फोडत तिने मराठी शिकून घेतली, आणि जूनमध्ये शाळेच्या पहिल्या निबंधात आजीच्याच भाषेत लिहिले. 'हाय', 'न्हाय', 'कुटं', 'पानी'. वही लाल शाईने भरून आली. पोरगी रडली नाही, चिडली. "आजी चुकीचं बोलते का?" असे तिने आम्हाला विचारले. मुलांच्या आईने दिलेले उत्तर इथे मुद्दाम लिहितो. ती म्हणाली, "आजी चुकीचं बोलत नाही. आजी घरचं बोलते. परीक्षेला पुस्तकातलं लिही, आणि आजीशी आजीचं बोल. दोन्ही आलं पाहिजे." डी.एड.चे शिक्षण तेरा वर्षांनी पहिल्यांदा कामाला आले ते त्या संध्याकाळी. पुढे तिने विहारात रविवारी दहा ते बारा मुलांना मराठी शिकवायला सुरुवात केली, तो वर्ग आजही चालू आहे. त्यात आखातातून आलेली मुले असतात, तशी मुंबईहून आलेलीही असतात, आणि वाडीतलीही असतात. २०२० साली राज्याने कायदा करून सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली, टप्प्याटप्प्याने पहिली आणि सहावीपासून. तेव्हा आमच्या ओळखीचे पुष्कळ लोक घाबरले. आमच्या घरी तोवर 'ळ' येऊन चुकला होता.

शाळेच्या प्रवेश अर्जावर धर्म आणि जात असे दोन रकाने होते. थोरली स्वतः अर्ज भरत होती. धर्माच्या रकान्यात तिने 'बौद्ध' लिहिले. जातीच्या रकान्याशी पेन थांबले. "आपण १९५६ मध्ये सोडली ना? मग इथे काय लिहू?" हा प्रश्न आपल्या समाजात किती सभांमधून चर्चिला गेला आहे हे वाचकांना सांगायला नको. पण सभेत बोलणे वेगळे आणि तेरा वर्षांच्या होत आलेल्या मुलीला टेबलाच्या पलीकडे बसून सांगणे वेगळे. आम्ही तिला एवढेच सांगितले की आपण सोडली हे खरे. पण वाडी विचारणाऱ्याने अजून सोडलेली नाही. ज्या कारणाने घर नाकारले जाते त्याच कारणाने हा कागद मिळतो. १९९० पर्यंत केंद्राच्या यादीत बौद्धांना अनुसूचित जातीची सवलत नव्हती. धर्म बदलला की हक्क गेला, असा न्याय होता. त्या वर्षी कायदा दुरुस्त झाला, आणि त्यासाठी आपल्या लोकांनी चौतीस वर्षे मोर्चे काढले. तेव्हा तो रकाना भरायचा तो मान खाली घालून नाही. तिने भरला. पटले की नाही ते तिने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

त्याच मोकळ्या दोन महिन्यांत जातीच्या दाखल्याचे काम हाती घेतले. महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. सौदीच्या जन्मदाखल्यावर आणि तिथल्या शाळेच्या दाखल्यावर जात कुठून असणार? म्हणून वडील, आजोबा, पणजोबा असे मागे मागे जावे लागते. आमचे स्वतःचे शिक्षण २००० साली संपले, पडताळणीचा सध्याचा कायदा अमलात आला ऑक्टोबर २००१ मध्ये, त्यामुळे आमची पडताळणी कधी झालेलीच नव्हती. गावच्या प्राथमिक शाळेत जाऊन जुने जनरल रजिस्टर पाहायची विनंती केली. थोरली सोबत होतीच. गुरुजींनी कपाटातून बासन काढले, धूळ झटकली. पाने पिवळी, कडा उंदरांनी खाल्लेल्या. अर्धा तास शोधल्यावर आमच्या आजोबांचे, म्हणजे मुलीच्या पणजोबांचे नाव सापडले. दुसरीपर्यंत शिकले होते. जातीच्या रकान्यात जात, आणि नावाच्या शेवटी 'नाक' जोडलेले.

"नाक म्हणजे?" पोरीने विचारले. आपल्या पूर्वजांच्या नावाला हे 'नाक' जोडले जाई, आणि भीमा कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या आपल्या शिपायांच्या नावांच्या शेवटीही ते आहे, असे सांगितले. ती ते पान बराच वेळ पाहत राहिली. आधी फोटो काढला. मग गुरुजींना विचारून त्या नावावरून बोट फिरवले. नोकरी सोडून, बोजा आवळून, दोन मुलांना घेऊन आलो होतो, आणि पोर या मातीला कधी आपली म्हणेल की नाही याची धास्ती आम्हाला होती. ती धास्ती त्या दिवशी गेली असे म्हणणार नाही. पण आखातातल्या एकाही वस्तूकडे तिने तसे पाहिल्याचे आम्हाला आठवत नाही.

धाकट्याचे निराळेच. एस.टी.च्या थांब्यावर 'बौद्धवाडी' ही पाटी त्याने पहिल्यांदा वाचली तेव्हा तो खूश झाला होता. त्याला वाटले, आपल्या नावाचे अख्खे गाव! पाटीच्या अलीकडे-पलीकडे वाड्यांची नावे कशी पडली आहेत हे कळायला त्याला दोन वर्षे लागली. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाडीतल्या बैठकीत मोठा वाद झाला. तरुण म्हणाले बदला. आमच्या आईच्या पिढीतले एक आजोबा म्हणाले, "म्हारवाडा पुसून ही पाटी लावायला आमी भांडलो. आता ही पन पुसायची?" दोन्ही बाजू खऱ्या. धाकटा त्या बैठकीत मागे बसून ऐकत होता, हे आम्हाला घरी गेल्यावर कळले.

मार्च २०२० मध्ये करोनाने शाळा बंद झाल्या. ते दिवस सगळ्यांनीच काढले, त्यावर काय लिहायचे. त्या काळात आखातात अडकलेले आमचे दोन नातलग विशेष विमानांनी परत आले, नोकरी गमावून. आम्ही वर्षभर आधी आलो होतो हे आमचे शहाणपण नव्हे, त्या शुल्काचा हिशेब.

पण २२ जुलै २०२१ विसरणे शक्य नाही. पहाटेपासून चिपळूणमध्ये पाणी चढत गेले. २००५ चा पूर पाहिलेली माणसे म्हणत होती की यापेक्षा वर येणार नाही, आणि पाणी त्याहीवर गेले. आम्ही पहिल्या मजल्यावर. खालचे कुटुंब, ज्यांच्याशी दोन वर्षांत 'कसे आहात' यापलीकडे बोलणे झाले नव्हते, ते चौघे आणि त्यांची म्हातारी आई आमच्या दोन खोल्यांत आली. वीज नाही, फोन नाही. थोरलीने सगळ्यात आधी काय उचलले असेल तर दाखल्यांची फाइल. सौदीहून आणलेल्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती माळ्यावर सर्वांत वर ठेवली, त्यात पणजोबांचा उतारा होता. पाणी ओसरल्यावर चिखल. घराघरांतून घमेल्यांनी चिखल काढायचा. आमच्या विहारातल्या तरुणांची तुकडी निघाली, त्यात आमची दोन्ही मुले होती. ज्यांनी आम्हाला घर दिले नव्हते त्यांच्या गल्लीतही ही तुकडी गेली. त्यात मोठेपणा सांगायचा हेतू नाही, ती गल्लीही बुडाली होती एवढेच. सगळ्या महाराष्ट्रातून मदत आली. थोरली तेव्हा दहावीत होती. पुस्तके वाळवून, पाने इस्त्री करून तिने वर्ष काढले. त्याआधी ती बोलताना 'तुमच्या इंडियात असं, तुमच्या इंडियात तसं' म्हणायची. पुरानंतर ते कधी बंद झाले ते आमच्या लक्षात आले नाही. आईच्या आले.

पगार म्हणाल तर पतसंस्थेत हिशेबनिसाची नोकरी मिळाली, दम्मामच्या सहाव्या हिश्श्याची. मुलांना ए.सी.ची सवय होती, ती पहिल्या उन्हाळ्यात मोडली. धाकटा दोन वेळा म्हणाला की आपण परत जाऊ. 'परत' हा शब्द त्याच्या तोंडी दम्मामसाठी होता हे लक्षात घ्या. आम्ही रागावलो नाही. तो ज्या जागेची आठवण काढत होता ती त्याची जन्मभूमी. तिथला पार्किंगचा क्रिकेट-संघ आजही त्याच्या फोनमध्ये आहे. कोची, हैदराबाद, कराची अशी पांगलेली ती पोरे एकमेकांना अजून 'यल्ला' लिहून पाठवतात.

आता आमच्याकडे परतणारी कुटुंबे कागद घेऊन येतात. त्यांना आम्ही सांगतो ते थोडक्यात असे. परदेशात जन्मलेल्या मुलाचा जन्म भारतीय दूतावासात एक वर्षाच्या आत नोंदवा, त्यावर नागरिकत्व अवलंबून आहे. ते राहिले असेल आणि कायमचे राहायला येणार असाल तर मूल भारतात आल्यापासून साठ दिवसांच्या आत इथे जन्मनोंद करण्याची तरतूद जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात आहे, ती मुदत चुकवू नका. शाळा सोडल्याचा दाखला तिथून निघण्यापूर्वी साक्षांकित करून घ्या. इथून पत्र लिहून ते काम होत नाही. एन.आर.ई. खाते इथे आल्यावर निवासी करून घ्या. आजोबांच्या शाळेत मुलांना सोबत घेऊन जा, एकटे जाऊ नका. आणि वाडीचे नाव मुलांना तुम्ही सांगा, घरमालकाच्या तोंडून कळू देऊ नका.

गेल्या महिन्यात जुबैलहून एक कुटुंब आले. दोन मुले, तीन खोकी, आणि दाखल्यावर शिक्का नव्हता. आम्ही वहीतले पान फाडून त्यांना यादी लिहून देत होतो. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा दारात उभा, कुणाशी बोलत नव्हता. आमच्या धाकट्याने त्याला अरबीत काहीतरी विचारले. त्या पोराने चमकून पाहिले, हसले, आणि दोघे बॅट घेऊन खाली गेले. यादी अजून अर्धी व्हायची होती.